समुद्र उशाला, कोरड घशाला

शिडाच्या बोटीचा फोटो काढताना जिन्याखालची फळी उघडून कोणी फोटो काढत नाही. फोटोत फुगलेलं शीड असतं, मावळता सूर्य असतो आणि सुकाणूवर हात ठेवून क्षितिजाकडे बघणारा मालक असतो. त्याच्या नजरेवरून वाटावं की स्वारी निदान मादागास्करला निघाली आहे. प्रत्यक्षात बोट मांडव्याला चाललेली असते आणि डब्यात साबुदाणा वडे असतात. केबिनमध्ये उतरायच्या जिन्याच्या दोन पायऱ्या काढून मागची फळी सरकवली, की काळोखात तेलकट वास मारत एक ठेंगणं डिझेल इंजिन बसलेलं दिसतं. त्याचा फोटो निघतो तो बिघडल्यावरच, आणि तोही थेट मेकॅनिकच्या मोबाइलवर जातो. मेकॅनिक उत्तरादाखल अंगठा पाठवतो.

माझा एक मित्र अशा बोटीचा मालक आहे. बोट मुंबई बंदरात, गेटवेच्या समोर, उघड्या पाण्यात साखळीला बांधलेली असते. मला तिच्यावर घेतात ते माझ्या मनगटासाठी. आमच्या वयाच्या बाकी मंडळींची मनगटं घड्याळाच्या पट्ट्याच्या शेवटच्या भोकापर्यंत पोचली, माझं मात्र शाळेतच राहिलं. इंजिन आणि बोटीची भिंत यांच्यामधल्या फटीत, कोपरापर्यंत, ते एकटंच जातं. ‘ये रे रविवारी, मस्त वारा आहे,’ असा निरोप आला की मी जुना शर्ट घालूनच निघतो.

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, हा प्रश्न किनाऱ्यावर उभं राहूनच सुचतो. मुंबईत या बोटींचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो आणि पुढचा पावसाळा दारात येईपर्यंत चालतो. या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वारे सुटतात आणि दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे येतात. मधल्या वेळात मात्र, पहिला टेबल आवरून गेलेला आणि दुसरा अजून मस्टरवर सही करायला न आलेला, अशी सरकारी कचेरीतली दुपार सगळ्या बंदरावर पसरते. शीड लोंबतं. ओहोटी मात्र रजेवर नसते. उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, आणि तेवढं पाणी बंदराच्या तोंडातून बाहेर पडताना वाटेतल्या बोटींची मर्जी विचारत नाही. शिवाय शेजारच्या खोल वाटेने न्हावाशेव्याची कंटेनरची जहाजं चाललेली असतात. ती आपल्याला बघून थांबत नाहीत. मनात आणलं तरी त्यांना थांबायला मैलभर लागतो.

कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने याच पाण्यात ही अडचण वल्ह्यांनी सोडवली होती. मराठ्यांच्या गलबतांना शीडही होतं आणि वल्हीही. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजं जागच्या जागी डुलत राहायची, आणि ही गलबतं वल्हवत हवी तिथे जाऊन पोचायची. ते इंजिन भाकरीवर चालायचं, आणि त्याला थंड ठेवायची सोय त्याच्या अंगातच होती. घाम.

डिझेल इंजिनाला घाम येत नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. जाळलेल्या डिझेलच्या उष्णतेचे ढोबळ तीन वाटे पडतात. एक वाटा बोट ढकलतो, एक धुराबरोबर जातो आणि तिसरा इंजिनाच्या अंगातच राहतो. हा तिसरा वाटा कोणीतरी सतत बाहेर नेऊन टाकावा लागतो. मराठी माणसाला डिझेल इंजिनाचं कौतुक सांगायला नको. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा केला आणि पुढे विहिरीविहिरीवर त्यांचा ठोका ऐकू येऊ लागला. तिथे इंजिनाने पाणी ओढायचं ते उसासाठी. बोटीतल्या इंजिनाला पाणी ओढायचं ते स्वतःसाठी, आणि तिथेच त्याचं घोडं अडतं. चहूबाजूंनी अरबी समुद्र, खाली अरबी समुद्र, आणि इंजिन तहानेने मरतं. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण कोरड्या तालुक्यातल्या माणसाने केली असेल, पण ती पुरती कळायला बोट बाळगावी लागते.

अशा इंजिनात दोन पाणी फिरतात. एक घरचं, गोडं, कूलंट मिसळलेलं, आतल्या आत फेऱ्या मारणारं. दुसरं बाहेरचं, बोटीच्या तळातल्या भोकातून आलेलं खारं. खाऱ्या पाण्याला थेट इंजिनात घेतलं तर क्षार साचतात, गंज चढतो, म्हणून हीट एक्स्चेंजर नावाच्या नळकांड्यात दोघांची भेट मध्ये धातूची भिंत ठेवून घडवतात. घरच्याने आपला ताप बाहेरच्याला द्यायचा, बाहेरच्याने तो घेऊन धुराच्या नळीत उडी मारायची आणि धुरासकट बोटीच्या मागच्या भोकातून फुर्रर्र करत समुद्रात पडायचं. हे बाहेरचं पाणी आत ओढणारा एक छोटा पितळी पंप असतो. पंपात एक रबरी चक्र असतं, मध्ये धातूचा तुंबा आणि भोवती सहा पाकळ्या. मुठीत मावतं. त्याला इंपेलर म्हणतात.

इंपेलरची नोकरी ऐकून कोणाचंही मन द्रवेल. तो ज्या गोल घरात फिरतो ते मुद्दाम एका बाजूने चेपलेलं असतं. तिथे एक पितळी उंचवटा बसवलेला असतो. पाकळी त्या उंचवट्याशी आली की तिने वाकायचं आणि पुढे गेली की ताठ व्हायचं. वाकताना ती आपल्या पुढ्यातलं पाणी बाहेर ढकलते, ताठ होताना नवं पाणी आत ओढते. मिनिटाला हजार फेऱ्या धरल्या तर प्रत्येक पाकळी तासाला साठ हजार वेळा कंबरेत वाकते. एवढं करून तिची एकच मागणी असते. पाणी मिळत राहू द्या. पाणी हेच तिचं वंगण. कोरडी फिरवली तर ती तापते, चिकटते, आणि मिनिटाभरात मुळापासून तुटते. राजीनामा, नोटीस, काही नाही.

म्हणून इंजिन सुरू केल्याबरोबर बोटीवरचा प्रत्येक जाणता माणूस मागे धावतो, कठड्यावरून कंबरेत वाकतो आणि धुराच्या भोकाकडे टक लावून बघतो. ‘पडतंय का?’ ‘पडतंय!’ हा संवाद पृथ्वीवरच्या सगळ्या बंदरांत, सगळ्या भाषांत चालत असणार. लाखांच्या बोटीत, उंची गॉगल लावून, नातवंडाने एकदाची शू केली का हे बघणाऱ्या आजोबांच्या उत्सुकतेने चार प्रौढ माणसं एका नळीकडे बघत उभी असतात. पाणी पडलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि तेवढ्यापुरतं इंजिनावर प्रेम दाटून येतं. ते शीड वर चढेपर्यंत टिकतं.

त्या रविवारी पडत होतं. बोटीवर मालक होता, त्याचा पुण्याहून आलेला संगणकवाला भाचा होता, बँकेतून निवृत्त झालेले आणि समुद्रावरची सगळी पुस्तकं वाचलेले एक काका होते, आणि बोटीची देखभाल करणारे ससून डॉककडचे तांडेल मामा होते. आणि मनगट. सकाळच्या मतलईवर आम्ही झोकात बाहेर पडलो, वडे संपवले, आणि परतायच्या वेळी ती वर सांगितलेली दुपार झाली. मालकाने इंजिन सुरू केलं. काकांनी मागे वाकून ‘पडतंय’ची ग्वाही दिली. पाच-सात मिनिटं सगळं सुरळीत चाललं.

बिघाड पहिल्यांदा ऐकला तो मामांनी. ते नाळेवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. इंजिनाचा ओला फुरफुराट बदलून कोरडी ढबढब सुरू झाली तसे ते म्हणाले, ‘शेठ, मागून पानी येत नाय.’ भाचा म्हणाला, ‘टेम्परेचरचा काटा तर ठीक दिसतोय.’ काट्यालाही मामांच्या मागून बातमी कळली. मग जळक्या रबराचा वास आला, मागून पांढरी वाफ निघाली, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांना सगळं कळून चुकल्यावर, धोक्याचा भोंगा वाजू लागला. मालकाने इंजिन बंद केलं. मामांनी कोणाला न विचारता नांगर टाकला. त्या दिवशीचं बोटीवरचं सगळ्यात शहाणं काम ते होतं, आणि त्याबद्दल चर्चा अशी झालीच नाही.

मग मामा शर्ट काढून पाण्यात उतरले. त्यांनी बोटीखाली बुडी मारली आणि वर आले ते हातात दुधाची पिशवी घेऊन. अर्ध्या लिटरची, एक कोपरा कापलेली. तळाच्या भोकावर ती पोस्टाच्या तिकिटासारखी चिकटली होती आणि पंप जितक्या जोराने ओढत होता तितकी घट्ट बसत होती. मुंबई बंदरात बोट चालवणाऱ्यांना खडकांचं, भोवऱ्यांचं फारसं भय नसतं, पिशवीचं असतं. तिला भरती-ओहोटी दोन्ही चालतात, ती कुठल्या नकाशावर नाही आणि तिच्यावर दिवा नसतो. काकांनी चष्मा लावून पिशवीवरची तारीख वाचली. दूध कधीच नासलं असणार, पण पिशवीची तब्येत उत्तम होती.

‘चला, निघाली ना पिशवी! करा सुरू,’ असं मालक म्हणाला. त्याला इंजिनापेक्षा आशावाद जास्त चालवता येतो. इंजिन सुरू झालं, चौघं मागे वाकले, आणि भोकातून नुसता धूर आला. पाण्याविना गेलेला तेवढा वेळ पाकळ्यांना पुरला होता. सगळ्या नजरा माझ्या मनगटाकडे वळल्या.

आता पंपाबद्दल. दर हंगामाला उघडायच्या पंपाचं झाकण माणसाच्या समोर असावं असं आपल्याला वाटतं. पुष्कळ इंजिनांत ते पाठमोरं असतं. इंजिनाची आखणी करणारा बहुधा कारखान्यात, इंजिन मोकळ्या टेबलावर ठेवून, चहाचा कप हातात घेऊन त्याच्याभोवती फेऱ्या मारत असावा. बोटीत फेरी मारायला जागा नाही. मी उजव्या कुशीवर आडवा झालो. एक पाय संडासाच्या दारात होता, डोकं बॅटरीच्या डब्यावर, आणि इंजिन इतकं तापलेलं की हात कुठे टेकायचा नाही हे त्यानेच शिकवलं. समुद्राचं पाणी आत येणारा कॉक आधी बंद केला. हा शहाणपणा सांगणारे बोटीवर नेहमी चौघं असतात, तो कॉक जिथे आहे तिथे पोचणारं कोणी नसतं. आमच्या मालकाने त्यावर एक तोडगा काढलाय. कॉक बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच कॉकला अडकवून ठेवायची. कॉक उघडल्याशिवाय किल्ली हाती येत नाही. त्याच्या सगळ्या नौकानयनात मला मनापासून पटलेली ही एकच गोष्ट आहे.

झाकणाला सहा स्क्रू होते. ते दिसत नाहीत म्हणून काकांनी पर्समधला हातआरसा मागितला. पर्स कोणाकडेच नव्हती, भाच्याकडे मात्र आरसा निघाला. त्याबद्दल कोणी काही विचारलं नाही. आरशात स्क्रू दिसू लागले आणि नवा घोळ झाला. आरशात घड्याळ उलटं चालतं. स्क्रू ढिला होतोय की आवळला जातोय यावर वरच्या मजल्यावर दोन पक्ष पडले. मी आरसा बाजूला ठेवला आणि डोळे मिटून बोटांनी काम केलं. बोटांना डावं-उजवं बरोबर कळतं, जोवर वरून कोणी सांगत नाही तोवर.

पहिले पाच स्क्रू हातात आले. सहावा टिंग करून खाली गेला. बोटीच्या तळाला जिथे सगळं सांडलेलं पाणी आणि तेल जमतं त्या खळग्यात हात घातला तर एक पेन्सिल, चणे, कोणाच्या तरी चष्म्याची काडी आणि युरोपातलं एक नाणं हाती लागलं. बोट जुनी आहे, तिच्या आधीच्या मालकांचा इतिहास तिथेच साठलाय. स्क्रू मिळेना. भाच्याने उत्साहाने लांब दांडीचं लोहचुंबक काढून दिलं. ‘काका, हे घ्या, दोन मिनिटांत येईल.’ स्क्रू पितळेचा. चुंबक बापडं खळग्यात फिरून आलं आणि एक गंजलेला खिळा घेऊन आलं. शेवटी मामांनी चहाची गाळणी दिली, आणि काळ्या पाण्यातून स्क्रू तिच्यात आला. त्या गाळणीतून पुन्हा चहा गाळला की नाही हे मी बघितलेलं नाही. चहा मात्र झाला, आणि मी प्यायलो.

झाकण निघालं. इंपेलर उघडा पडला. सहापैकी चार पाकळ्या जागेवर नव्हत्या. उरलेल्या दोन भाजून टोकाला कडक झाल्या होत्या. तो दांड्यावरून ओढून काढायला खास पुलर मिळतो आणि तो किमती असतो, त्यामुळे तो नेहमी दुसऱ्याच्या बोटीवर असतो. आमच्याकडे दोन स्क्रूड्रायव्हर होते. त्यांनी उचकटायला गेलं तर पंपाच्या पितळी कडेला ओरखडा उठतो आणि मग झाकण कधीच घट्ट बसत नाही, असं काकांनी एका पुस्तकात वाचलं होतं. या एका बाबतीत पुस्तक बरोबर आहे. मी वाकड्या तोंडाची पक्कड लावून तुंबा धरला, जरा फिरवला, जरा ओढला, पुन्हा फिरवला. मामा वरून एवढंच म्हणत होते, ‘हलू, शेठ, हलू.’ आला एकदाचा.

‘काळजीच नाही,’ मालक म्हणाला, ‘स्पेअर आहे आपल्याकडे.’ आणि त्याने एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणला. डब्यात पाच इंपेलर होते. पाचही वापरलेले. एकाला तडे, एकाच्या पाकळ्या एकाच बाजूला कायमच्या झुकलेल्या, एक निम्मा. मी विचारलं, ‘नवा कुठाय?’ तर म्हणाला, ‘अरे, दर वेळी बदलला की जुना ठेवून देतो. अडीनडीला लागेल म्हणून.’ जुनी चप्पल, गेल्या मिक्सरचं भांडं, बंद पडलेल्या रेडिओची मागची बाजू हे सगळं ज्या श्रद्धेने आपल्याकडे माळ्यावर जातं, ती श्रद्धा समुद्रावरही जाते. अडीनडीला लागेल म्हणून ठेवलेल्या वस्तूंचं वैशिष्ट्य असं की त्यांना अड आणि नड दोन्ही आधीच येऊन गेलेली असते.

मग वाऱ्याची वाट बघणं आलं. काकांना गप्प बसवेना. त्यांनी जोशुआ स्लोकमपासून सुरुवात केली. १८९५ ते १८९८ या काळात त्याने ‘स्प्रे’ नावाच्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे पहिलंच. तिथून ते ‘सुहैली’वर आले. याच मुंबईत साठच्या दशकात सागवानात बांधलेली ही बोट घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन कुठेही न थांबता एकट्याने जग फिरला आणि २२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी, इंग्लंडात फाल्मथला पोचला. मग आपले दिलीप दोंदे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून ते ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये जगाला वळसा घालून मुंबईला परत आले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्यांच्यामागून त्याच बोटीतून अभिलाष टॉमींनी २०१२-१३मध्ये वाटेत कुठेही न थांबता ती केली. काकांचा आवाज भरून आला होता. समोर मुंबई दिसत होती आणि आमची बोट नांगराला बांधून होती.

‘पण काका, यात इंपेलर कुठे आला?’ भाच्याने विचारलं.

‘स्लोकमच्या बोटीला तर इंजिनच नव्हतं!’

‘म्हणून पोचला तो,’ मी खालून म्हणालो.

साडेतीनच्या सुमाराला पश्चिमेकडून पाण्यावर काळी रेघ दिसली. खारे वारे कामावर आले होते. मामांनी नांगर उचलला, शीड भरलं, आणि बोट ज्या कामासाठी बांधली होती ते काम करू लागली. इंजिनाशिवाय, वळसे घेत, आम्ही साखळीपर्यंत आलो आणि पहिल्याच झटक्यात मामांनी तिचा बोया काठीने धरला. मालक म्हणाला, ‘खरं तर असंच चालवायला हवं नेहमी.’ इंजिन बंद पडलेल्या प्रत्येक दिवशी तो हे म्हणतो.

इंपेलर विकत घ्यायचा तर मुंबईत दोन रस्ते आहेत. एक, परदेशातून मागवायचा आणि कस्टमवाल्यांना तो कशाचा भाग आहे ते समजावत बसायचं. दोन, नागदेवी स्ट्रीट. बेअरिंगं, पट्टे, ऑइल सील, रबरी नळ्या, सगळ्या यंत्रांचं पोटातलं सामान त्या गल्लीत उघड्यावर मिळतं. दुकानदाराने आमचा तुटका इंपेलर काउंटरवर ठेवला, व्हर्नियर काढला आणि दांड्याचं भोक मोजलं, रुंदी मोजली, आतली चावी बसायची खाच बघितली. राहिला बाहेरचा व्यास. तो मोजायला समोरासमोर दोन पाकळ्या लागतात. आमच्या उरलेल्या दोन शेजारी-शेजारी होत्या. मालकाचा चेहरा पडला. दुकानदाराने एका पाकळीच्या टोकापासून तुंब्याच्या मध्यापर्यंत अंतर घेतलं, दुप्पट केलं, जळून आखडलेल्या रबरासाठी वर थोडं धरलं, आणि पोराला वरच्या माळ्यावर पिटाळलं. गणित करताना त्याने समोरच्या गिऱ्हाइकाशी चाललेली घासाघीसही सोडली नाही.

‘पाण्याला की तेलाला?’ त्याने विचारलं. हा खरा जाणकार प्रश्न. दोन्ही इंपेलर दिसायला सारखे काळे, पण तेलाशी संबंध येणार असेल तर नायट्राइल रबर लागतं, आणि इंजिनाला समुद्राचं पाणी पाजायचं असेल तर निओप्रीन. मग दुसरा प्रश्न आला. ‘कंपनीचा देऊ की चांगला देऊ?’ मालकाने दोन्ही घेतले. पुढच्या हंगामापर्यंत त्यातला एक तरी डब्यात नवा राहील, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पुढच्या रविवारी बसवायला गेलो. आधी हरवलेल्या चार पाकळ्यांचा शोध. त्या विरघळत नाहीत. पाण्याबरोबर पुढे जातात आणि हीट एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी ठाण मांडतात. तिथे त्यांना सोडलं तर इंपेलर नवा असूनही इंजिन तापतं आणि मालक नव्या इंपेलरला शिव्या घालतो. मी नळी सोडवली, नळकांड्याचं टोपण काढलं आणि चिमट्याने एकेक तुकडा बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडत गेलो. भाचा मोजत होता. एक, दोन, तीन, चार. ‘झालं!’ मालक म्हणाला. पाच. सहा. सात. सगळे जण गप्प झाले. शेवटच्या तीन पाकळ्या जुन्या, पांढुरक्या पडलेल्या, वेगळ्या आकाराच्या होत्या. आमच्या आधीच्या कोणा मालकावर अशीच दुपार ओढवली होती आणि त्याने शोध न घेताच बोट विकली होती. ही बोट उन्हात जरा जास्तच तापते असं आमचा मालक घेतल्यापासून म्हणत आला आहे, आणि त्याचा दोष तो मुंबईच्या हवेला देतो.

नवा इंपेलर आत सरकवायला काहीतरी बुळबुळीत लागतं. काकांनी खोबरेल तेल सुचवलं. केसांपासून सांध्यांपर्यंत आणि कुलपापासून शिलाई मशीनपर्यंत महाराष्ट्रात खोबरेल न चालणारी जागा सापडणं अवघड, पण निओप्रीनला तेल मानवत नाही. ग्लिसरीन हवं. नसेल तर भांडी घासायचा द्रव साबण. साबण निघाला. पाकळ्या बोटांनी एकाच बाजूला दाबून, तुंबा फिरवत फिरवत आत ढकलायचा. कुठल्या बाजूला, यावर बोटीवर तट पडले. पंप ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट पाकळ्या झुकलेल्या हव्यात, हे सर्वमान्य झालं. पंप कुठल्या दिशेने फिरतो यावर एकमत होईना. भाच्याने व्हिडिओ लावला, तर त्यात दुसरंच इंजिन. काकांनी पट्ट्याकडे बघून अनुमान काढलं आणि नंतर ते उलट केलं. मामा म्हणाले, ‘घाला कसं पण. फिरला की आपसूक वळतात.’ आणि तेही खरं आहे. रबर नवं आणि मऊ असेल तर पहिल्याच फेरीत पाकळ्या पलटतात.

झाकणाखाली कागदी गॅस्केट लागतं आणि जुनं नेहमी फाटतं. मालकाने खिशातून एक लग्नपत्रिका काढली. जाड, सोनेरी, गणपती उठावदार. तिचं गॅस्केट केलं असतं तर झाकण आणि पाकळ्यांमध्ये फट राहिली असती, आणि तेवढ्या फटीतून पाणी मागे फिरलं असतं. पंपाला ओढच राहिली नसती. मामांनी पत्रिका उलटून-पालटून बघितली, ‘जाड होतंय’ म्हणाले आणि लग्न कधी आहे ते विचारलं. शेवटी नागदेवीहून दुकानदाराने न मागता कागदात गुंडाळून दिलेलं गॅस्केट खिशात सापडलं. तो माणूस आम्हाला पहिल्या नजरेत ओळखून होता. झाकण आतून झिजलेलं, म्हणून ते उलटून बसवलं. कोरी बाजू आत आणि झिजलेली बाजू बाहेर झाली की झिजायला पुन्हा काही हंगाम मिळतात. सहाही स्क्रू लागले. कॉक उघडला, त्याला अडकवलेली किल्ली घेतली.

‘पडतंय का?’

‘पडतंय!’

मग हिशेब झाला. मी म्हटलं, या पंपाला चार हाताने फिरवायच्या स्क्रूंचं झाकण मिळतं, स्क्रूड्रायव्हर लागत नाही, स्क्रू पडत नाहीत, अंधारात दहा मिनिटांत काम होतं. मालकाने मोबाइलवर किंमत बघितली, चष्मा वर केला आणि म्हणाला, ‘वेडा आहेस का? एवढ्यात किती इंपेलर येतील!’

त्याच महिन्यात त्याने बोटीला पितळी घंटा घेतली. दोरी विणलेली, बोटीचं नाव कोरलेलं. केबिनच्या दाराशी, फोटोत येईल अशी टांगली आहे. खाऱ्या हवेने ती आठवड्यात काळवंडते, म्हणून दर रविवारी पॉलिश करावी लागते. त्या कामाला तिघंही एका पायावर तयार असतात.